डोळेवाली मॅडम

मेघा वॉर्डाच्या दारात दिसली की जुन्या मावश्या एकमेकींकडे बघायच्या. कुणीतरी गेलं, हे त्यांना न विचारता कळायचं.

वर्ध्याच्या एका मोठ्या रुग्णालयात ती नेत्रदानाची समुपदेशक होती. माणूस गेला की त्याच्या घरच्यांजवळ जायचं, त्यांच्याबरोबर बसायचं आणि वेळ बघून विचारायचं, तुमच्या माणसाचे डोळे देता का? डोळे काढायला हातात थोडेच तास असतात. त्यामुळे रडणं थांबायची वाट बघत बसता येत नाही आणि रडणाऱ्याला घाईही करता येत नाही. कुणी हात जोडून हो म्हणायचं, कुणी अंगावर धावून यायचं. एकदा एका तरुणाने तिला सगळ्यांदेखत गिधाड म्हटलं होतं. त्या दिवशी तिने बाहेर येऊन पाणी प्यायलं आणि दुसऱ्या वॉर्डात गेली, कारण तिथेही एक आजोबा गेले होते. रुग्णालयात तिला मेघा म्हणून ओळखणारे थोडेच होते. बाकी सगळ्यांसाठी ती डोळेवाली मॅडम होती.

वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा अश्वजित मोटारपंप दुरुस्त करायचा, मुलगी खुशी चौथीत होती. समाजकार्याचं शिक्षण झाल्यावर मेघाने ही नोकरी धरली, ती काही मोठं ध्येय वगैरे ठेवून नाही. जागा निघाली होती, घराजवळ होती, म्हणून धरली. पण हे काम तिला जमायचं. बोलण्यात ती फार हुशार नव्हती. तिला गप्प बसता यायचं. मेलेल्या माणसाच्या बायकोशेजारी ती अर्धा अर्धा तास एक शब्द न बोलता बसून राहायची आणि मग ती बाई आपणहून बोलायला लागायची. तिच्या विभागातल्या ज्येष्ठ समुपदेशक सरांना, डॉक्टरांना ते जमत नव्हतं. म्हणून प्रत्येक अवघड घर मेघाच्याच वाट्याला यायचं.

त्या वर्षी पोळ्यानंतर रोहणा गावचा अंकित अतिदक्षता विभागात आला. भाजी घेऊन बाजाराला निघाला होता, पहाटे रस्त्यावर बसलेल्या गुरांवर त्याची गाडी आदळली. घरचा भाजीपाल्याचा मळा, आईबापांना हा एकच मुलगा, लग्न ठरलेलं. कितीतरी दिवस तो मशीनवर होता. आई आनंदाबाई बाहेरच्या फरशीवर बसून असायची आणि बाप सदाशिवराव जिन्याजवळ उभा. एका सकाळी डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून तो गेल्याचं सांगितलं आणि दुपारी मेघाला फोन गेला.

मेघा आनंदाबाईजवळ जाऊन बसली. बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. बऱ्याच वेळाने मेघाने विचारलं. सोबतचे नातेवाईक भडकले. आनंदाबाईने मात्र मान वर केली.

"म्हंजे माया पोराचे डोये राह्यतीन? जगात कुठंतरी?"

"हो काकू, राहतील," मेघा म्हणाली. "फक्त आधी तपासणी होते. त्यात जर..."

"घ्या," आनंदाबाई म्हणाली. "घेऊन जा. लवकर घ्या."

मेघाचं वाक्य तिथेच राहिलं. ते पूर्ण करायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण नातेवाईक वाद घालत होते, वेळ जात होता आणि आई हो म्हणाली होती. पुढचं सगळं भराभर झालं. निघताना सवयीप्रमाणे तिने आनंदाबाईला आपला नंबर दिला. काही लागलं तर फोन करा काकू, असं ती सगळ्यांनाच सांगायची. सहसा कुणी करत नसे.

दोन दिवसांनी नेत्रपेढीतल्या डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं, की अंकितचे डोळे कुणाला बसवता येणार नाहीत. मशीनवर असताना पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुकून खराब झाला होता. शिकणाऱ्या डॉक्टरांना सरावासाठी ते वापरले जातील. असं अधूनमधून व्हायचं. मेघाने मान हलवली आणि जेवायचा डबा न उघडताच परत वॉर्डात गेली.

तेरवी झाल्यावर आनंदाबाईचा पहिला फोन आला. संध्याकाळची वेळ होती, मेघा पोळ्या लाटत होती.

"मॅडम, अंकितची आई बोलून राह्यली. कोणाले लावले माया पोराचे डोये?"

मेघाचा लाटण्यावरचा हात थांबला. "काकू, नाव सांगता येत नाही. नियम आहे तसा."

"नाव नोको सांगू. बाई हाय का माणूस, तेवढं सांग."

"तेही नाही सांगता येत काकू."

यात खोटं काही नव्हतं. नियम खरंच तसा होता. मेघाने स्वतःला तसं बजावलं आणि पोळी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा फोन आला. मग रोजच यायला लागला. आनंदाबाई फार वेळ घ्यायची नाही. आज वांगी किती निघाली ते सांगायची. अंकित असता तर माल पुलगावला नेला असता की आर्वीला, यावर बोलायची. आणि शेवटी विचारायची, "दिसते ना त्याले चांगलं? ज्याले लावले त्याले?" मेघा म्हणायची, "काकू, तब्येतीला जपा." प्रश्नाचं उत्तर ती एकदाही द्यायची नाही. आनंदाबाई त्याला होकार समजायची.

दिवाळीपर्यंत मेघाची झोप उडाली होती. संध्याकाळ जवळ आली की ती सारखी घड्याळाकडे बघायची. फोनचा आवाज बंद करून ठेवला तरी तिचं लक्ष त्या काचेवरच असायचं. वॉर्डात ती पूर्वीसारखीच गप्प बसायची, पण आता त्या गप्प बसण्यात ती नसायची. समोरची बाई रडायची आणि मेघा भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत राहायची. तरीही लोक हो म्हणत होते. काम चांगलं चाललं होतं. सरांनी बैठकीत तिचं कौतुकही केलं.

तशात खुशीला ताप आला. दोन दिवस उतरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बिछान्यातच ओकली आणि बडबडायला लागली. अश्वजित दुकान टाकून धावत आला, पोरीला उचललं, पण त्याला चप्पल सापडेना. तो रडवेला झाला होता. मेघाने शांतपणे पिशवी भरली, टॉवेल घेतला, पाण्याची बाटली घेतली, आधीच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमच्यावर काय गुदरतंय, ते मी समजू शकते. जरा बसा. पाणी घेणार का?"

अश्वजित पोरीला घेऊन तसाच थबकला.

"हे तू कोणाशी बोलून राह्यली, मेघा?"

तिने हात काढून घेतला. वॉर्डात जो आवाज ती काढायची, तोच आवाज होता. आणि आतमध्ये काहीच हललं नव्हतं. ना भीती, ना माया. पोटची पोर तापाने फणफणत होती आणि तिला ती वॉर्डातल्या कुठल्याही पेशंटसारखी दिसत होती.

खुशी चार दिवस दवाखान्यात राहून बरी झाली. अश्वजित तो विषय काढत नव्हता, पण जेवताना तो तिच्याकडे चोरून बघायचा. मेघाला आपलीच भीती वाटायला लागली. मानसोपचार विभाग तिच्याच इमारतीत होता, पण तिथल्या रांगेत डोळेवाली मॅडम बसली, तर तासाभरात सगळ्या मजल्यांवर कळलं असतं. बाहेर एखाद्या खासगी समुपदेशकाकडे जायचं तर ते तिच्या पगारात बसणारं नव्हतं. दुसऱ्यांना ती रोज सांगायची, मन मोकळं करा. आपलं कुठे करायचं, हे तिला कळत नव्हतं.

डिसेंबरात रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी 'स्वतःची काळजी' नावाचं शिबिर ठेवलं. बाहेरगावाहून आलेल्या बाईंनी पडद्यावर छान छान चित्रं दाखवली. महिन्यातून एकदा मालिश करून घ्या. वर्षातून दोनदा निसर्गात जाऊन या. सुगंधी मेणबत्ती लावून गरम पाण्यात पाय सोडून बसा. मागच्या रांगेत कॅन्सर वॉर्डाच्या नंदिनी सिस्टर बसल्या होत्या. त्या मेघाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "माह्या घरी पाणी एक दिवसाआड येते. पाय सोडू का भांडे घासू?"

मेघाला हसू आलं. हसता हसता तिला रडू फुटलं आणि ती उठून बाहेर गेली. नंदिनी सिस्टर मागोमाग आल्या. गाड्या लावायच्या टिनाच्या शेडखाली मेघा पाठ करून उभी होती. सिस्टर तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कामाला कडक, उगाच जवळ न येणाऱ्या. त्यांनी काऊन रडतेस, असं विचारलं नाही.

"मंगळवारी सुटी झाली की मी आन् डायलिसिसचा धर्मेंद्र कॅन्टीनच्या मागच्या ओट्यावर बसतो," त्या म्हणाल्या. "चहा ज्याचा त्याचा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं आयकायचं. सल्ला द्यायचा नाई. येजो तू."

"याने काय होते, सिस्टर?"

"मले माईत नाई. करोनानंतर सुरू केलं. तवापासून मी घरी जाऊन पोराईवर हात नाई उचलला."

पहिल्या मंगळवारी मेघा नुसती बसून राहिली. धर्मेंद्र बोलला. उंच, काळासावळा, सतत थट्टा करणारा माणूस, पण त्या ओट्यावर त्याचा आवाज वेगळाच होता. त्याच्या मशीनवर पाच वर्षं येणाऱ्या एका म्हाताऱ्याने आता यायचं थांबवलं होतं, घरच्यांना परवडत नाही म्हणून. धर्मेंद्रने त्याला फोन केला नव्हता. करायची हिंमत होत नव्हती. तो बोलला, चहा संपला आणि तिघं आपापल्या घरी गेले. कुणी त्याला समजावलं नाही. मेघाला हे विचित्र वाटलं, पण घरी पोचेपर्यंत तिचे खांदे जरा खाली आलेले होते.

दुसऱ्या मंगळवारीही ती बोलली नाही. तिसऱ्या मंगळवारी तिने अंकितचं सगळं सांगितलं. ते अर्धवट राहिलेलं वाक्य, सुकलेला पडदा, रोजचा फोन आणि खुशीचा ताप. शेवटचं सांगताना तिची जीभ अडखळत होती. सगळं ऐकून झाल्यावर नंदिनी सिस्टरांनी एवढंच विचारलं, "तू जेवते केव्हा?"

मेघाला आठवेना.

त्या दिवसापासून दुपारी सिस्टरांचा फोन यायला लागला. कोणी मेलं तरी आधी जेव, मग जा, असं त्या दटावायच्या. धर्मेंद्रची आपली एक सवय होती. घरी निघण्याआधी तो नळावर कोपरापर्यंत हात आणि तोंड धुवायचा आणि गेटापासून पुढच्या चौकापर्यंत गाडी हाताने ढकलत न्यायचा. "इथलं इथंच टाकून चाललो, असं वाटते," तो म्हणायचा. मेघानेही तसं करून बघितलं. रविवारी सकाळी ती खुशीला घेऊन विहारात जायला लागली. वंदना झाल्यावर बायका मागे बोलत बसायच्या, पण मेघा नुसती भिंतीला टेकून बसायची. तिथे तिला कुणी काही विचारायचं नाही. या सगळ्याने झोप थोडी आली. संध्याकाळी घड्याळाकडे बघणं कमी झालं, पण सुटलं नाही. संध्याकाळचा फोन येतच होता.

"मी रोहण्याले जाऊन सांगून येतो," एका मंगळवारी ती म्हणाली.

धर्मेंद्रने सल्ला न द्यायचा नियम मोडला. "नको ताई. कायले उकरते? त्या माउलीले तेवढाच आधार हाय. तू सांगशील आन् तोही जाईल."

"आन् मग मी रोज काय करू?"

नंदिनी सिस्टर कपातला उरलेला चहा हलवत होत्या. "मी येतो तुह्यासंगं," त्या म्हणाल्या.

मेघाने आधी विभागप्रमुख मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, घरच्यांनी विचारलं तर हे सांगायलाच हवं, लपवायचं असा नियम कधीच नव्हता. मेघा बाहेर आली. म्हणजे इतके दिवस तिला अडवत होती ती तिचीच भीती.

सुटीच्या दिवशी दोघी आर्वीकडच्या एसटीने रोहण्याला उतरल्या. सदाशिवराव घरी नव्हता. आनंदाबाई मळ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटून जुड्या बांधत होती. मेघाला बघून तिचा चेहरा उजळला. तिने हात पुसले, मेघाच्या गालावरून बोटं फिरवली आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पोतं अंथरलं.

"मले वाटलंच होतं तू येशीन. बस. हे कोण, तुही बहीण हाय का?"

"काकू," मेघा उभ्यानेच म्हणाली. बसली तर सांगता येणार नाही, असं तिला वाटत होतं. "काकू, अंकितचे डोये कोणालेच लावता नाई आले. तपासले तवा खराब निघाले. मशीनवर होता ना, पापण्या उघड्या राह्यल्या, ते सुकले होते. मले तवाच माईत झालं होतं. मी तुमाले सांगितलं नाई."

आनंदाबाईच्या हातात अर्धी बांधलेली जुडी होती. तिने ती पूर्ण बांधली. ढिगावर ठेवली. दुसरी घेतली.

"मंग काढले काऊन?"

"शिकणाऱ्या डॉक्टरांले शिकाले कामी आले काकू. वाया नाई गेले."

"मी तुले विचारलं होतं. राह्यतीन का म्हणून. तू हो म्हणाली."

"हो."

"दिवाईपासून मी बाजारात बसतो तं लोकाईच्या डोयात पाह्यतो," आनंदाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "गिऱ्हाईक वांगे निवडते आन् मी त्याच्या डोयात पाह्यतो. एक पोरगा आला होता, अल्लीपूरचा. त्याचे अंकितसारखेच होते. मी त्याले पैसे नाई मागतले. तो हासून निघून गेला."

मेघाने पुढे होऊन हात धरायचा प्रयत्न केला. आनंदाबाईने हात सोडवून घेतला, सांभाराचा ढीग पदरात भरला आणि मळ्यातल्या झोपडीत गेली. दोघी बराच वेळ धुऱ्यावर थांबल्या. ती बाहेर आली नाही. झोपडीतून रडण्याचाही आवाज येत नव्हता.

परतीच्या एसटीत मेघा खिडकीशी बसली आणि गाडी गावाबाहेर पडताच तिला रडू कोसळलं. अंगाला हिसके बसत होते. समोरच्या सीटवरची म्हातारी वळून वळून बघत होती. नंदिनी सिस्टरांनी तिला थांबवलं नाही. पुलगाव आल्यावर खाली उतरून त्यांनी दोन कागदी कप चहा आणला आणि एक तिच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेघाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण दिवेलागणीला तिचा हात आपोआप ओट्यावरच्या फोनकडे जायचा. आनंदाबाई जेवली असेल का, असं मनात यायचं. एकदा तिनेच फोन लावला, तर कुणी उचलला नाही. एका मंगळवारी तिने हे ओट्यावर सांगितलं. मी सांगितलं होतं, असं धर्मेंद्र म्हणाला नाही, त्याबद्दल तिला त्याचे उपकार वाटले.

उन्हाळा लागता लागता विभागाच्या फोनवर सदाशिवरावचा आवाज आला. त्याने मेघाला फोनवर बोलावून घेतलं.

"मॅडम, ते शिकणारे पोट्टे, शिकले का त्याच्यावर?"

"शिकले काका."

"ऑपरेशन कराले लागले असतीन आता?"

"काही जण लागले."

पलीकडे बाजाराचा गलबला ऐकू येत होता. "काकू कशा आहेत?" मेघाने विचारलं.

"हाय," तो म्हणाला. "बाजारात नाई बसत आता. मीच बसतो." आणि त्याने फोन ठेवला.

मेघाने आता आपला नंबर द्यायचं बंद केलंय. विभागाचा नंबर देते. तपासणीचं वाक्य ती आधी सांगते, मग विचारते. त्यामुळे काही घरं नाही म्हणतात. विभागप्रमुख मॅडमशी तिने दोनदा भांडण केलं, तेव्हा कुठे ठरलं, की लहान मुलं आणि जवान माणसं गेली, तर दर वेळी तिनेच जायचं नाही, आळीपाळीने दुसऱ्यांनीही जायचं. सरांना ते फारसं रुचलं नाही. खुशीच्या केसांना तेल लावताना तिला कधी कधी पोरीचा खूप उमाळा येतो, कधी काहीच येत नाही. अश्वजितला तिने सगळं सांगितलं आहे. तो म्हणतो, होईल हळूहळू. त्याला खात्री आहे की नाही, ते त्याच्या तोंडावरून कळत नाही.

जून महिन्यात बालरुग्ण विभागातून फोन आला. सहा वर्षांची मुलगी होती, गिरड गावाकडची. त्या आठवड्यात मेघाने आधीच दोन तरुणांच्या घरच्यांना विचारलं होतं. ती खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग परत येऊन सरांना म्हणाली, "आज मी जात नाही. आज पाळी तुमची आहे."

सर तिच्याकडे बघत राहिले. "मेघा, तू गेलीस तर ते हो म्हणतील. तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे सर."

सर गेले आणि थोड्याच वेळात परत आले. घरच्यांनी नाही म्हटलं होतं. सरांनी फाइल टेबलावर जरा जोरात ठेवली. दोन माणसं बघू शकली असती, असं मेघाच्या मनात आलं आणि ते गेलं नाही. तिने डबा उघडला. भाजी गार झाली होती. ती सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवली, डबा धुतला आणि सुटी झाल्यावर कॅन्टीनच्या मागे गेली. मंगळवार नव्हता. ओट्यावर कुणीच नव्हतं. ती एकटीच थोडा वेळ तिथे बसली.